कललेल्या खांबाची सावली

मित्रांनो, मी एक जुना खांब आहे आणि सावली पाडण्यापलीकडे मला काही येत नाही. पिवळ्या नदीच्या काठी एका गावात उभा आहे. हसू नका, वर्षाचे तुकडे याच सावलीने पाडले. आधी लोकांना दोनच दिवस ठाऊक होते: भर दुपारी माझी सावली सर्वांत लांब पडते तो आणि सर्वांत आखूड पडते तो. मग दिवसरात्र सारखे होतात ते दोन सापडले. मधल्या जागा भरत भरत चोवीस खुणा झाल्या. किडे जागे होतात ती एक, दव गोठतं ती एक, धान्याला पाऊस मिळतो ती एक. या धान्यपावसाच्या खुणेला सावली आली की राळा पेरायचा.

खुणा राखायचं काम बोशी आजोबांचं. पूर्वी माझ्यापाशी लोक हळू बोलत. पुढे कौतुक सरलं. शेजारच्या गाओने तर मला आपला बैल बांधला.

"अरे, बांधायला एखादं झाड नाही का तुला?" आजोबा म्हणाले.

"खांब काय झिजतोय का, आजोबा?" गाओ हसला.

हिवाळा सरला, गोठलेली माती सैल झाली. बैल दक्षिणेकडच्या कडब्याला ओढ घेई. मी तिकडे, सूर्याच्या बाजूला कललो आणि माझी सावली आखडली. खुणेवर ती फार लवकर पोचली.

आजोबांची सून रूई घुटमळली. "मामंजी, तुतीला अजून पान फुटलेलं नाही. एवढ्यात नको पेरायला."

"तुती विसरेल, सूनबाई. खांब विसरत नाही."

मी घसा फोडून ओरडलो असतो, पण खांबाला कुठला घसा? रूईने मडक्यातलं होतं नव्हतं ते बियाणं पेरलं. गावानेही पेरलं. कोंब वर आले, आणि एका पहाटे दव गोठलं. सकाळी सगळं रान काळं पडलं होतं.

आजोबांनी मला ओळंबा, म्हणजे दगड बांधलेली दोरी, लावला. दोरी एकीकडे, मी एकीकडे.

"बैल माझा होता," गाओ खाली मान घालून म्हणाला.

"डोळे माझे होते," आजोबा म्हणाले.

त्या हिवाळ्यात घरोघरी झाडाची साल कुटून पेज होई. आजोबा आपली पेज नातीच्या वाडग्यात ओतत. सर्वांत लांब सावलीचा दिवस त्यांनी पाहिला नाही.

त्या दिवशी दुपारी रूई एकटी आली. ओळंबा धरून तिने मी सरळ आहे ना ते पाहिलं, सावलीच्या टोकाशी रेघ ओढली. "मामंजी, उद्यापासून दिवस मोठा होईल," ती म्हणाली आणि तिथेच बसून रडली.

मित्रांनो, मला नमस्कार नको. अधूनमधून ओळंबा तेवढा धरत जा. मी वाकडा झालो तरी माझी सावली पडतच राहते, आणि ती खरीच वाटते.