मंद ताऱ्याच्या जोडरेघा

मित्रांनो, मी काचेचा एक जुना लोलक आहे. पण मला नुसता तीनकोनी ठोकळा समजू नका! एका ताऱ्याचे गुपित माणसांना कळण्याआधी माझ्या पोटातून गेले आहे.

माझी काच भट्टीत तयार झाली, पण मला रूप दिले एका भिंगवाल्याने. तो चष्म्याची भिंगे घासायचा. मला मात्र त्याने आपल्या लेकीसाठी घडवले, कारण ती वेधशाळेत नोकरीला लागली होती. तो मला घासायचा, खिडकीच्या उजेडात धरायचा, मान हलवायचा आणि पुन्हा घासायचा.

"बाबा, अशानं झिजून संपेल तो!" लेक हसून म्हणायची.

वेधशाळेत मला दुर्बिणीमागच्या काळ्या डब्यात बसवले. ताऱ्याचा प्रकाश आत आला की मी त्याची रंगीत पट्टी उलगडायचो आणि तिचे छायाचित्र काचेच्या तबकडीवर उमटायचे. त्या पट्टीत बारीक काळ्या रेघा असतात. तारा कशाचा बनला आहे, किती तापला आहे, हे त्या पट्टीवरूनच कळते.

तेजस्वी तारे थोरामोठ्यांनी आधीच वाटून घेतले होते. लेकीच्या वाट्याला आला एक मंद तारा. गावातल्या दिव्यांपासून लांब जाऊन डोळे ताणले, तरच तो दिसायचा. पण मी त्याची पट्टी उलगडली आणि काय सांगू मित्रांनो! निळ्या-जांभळ्या बाजूला नुसता लखलखाट! सूर्याहून कितीतरी तापलेला होता तो आणि हायड्रोजनच्या रेघा तर ठसठशीत. बिचारा लांब होता, म्हणून मंद दिसत होता, एवढेच.

पुढे एका छायाचित्रात नवल घडले. प्रत्येक काळी रेघ जोडीने उमटली!

वेधशाळेच्या प्रमुखांनी कपाळाला आठ्या घातल्या. "लोलकात खोट आहे. एकाचे दोन दाखवतोय. काढून टाका तो," ते म्हणाले.

हे कळताच दुसऱ्याच दिवशी भिंगवाला धावत आला. त्याने मला हातात घेतले. "माझ्या हातून चूक झाली असेल, पोरी. तुझ्या कामाला बट्टा नको. मी नेतो याला घरी."

"थांबा हो बाबा! आधी त्याची परीक्षा तर होऊ दे," लेक म्हणाली.

तिने काळ्या डब्याशेजारी एक दिवा बसवला. त्यात लोखंडाच्या दोन कांड्यांमध्ये ठिणगी उडायची. त्या उजेडाच्याही ठरलेल्या रेघा असतात. ताऱ्याचा आणि दिव्याचा प्रकाश तिने माझ्यातूनच पाठवला आणि दोन्ही पट्ट्या एकाच तबकडीवर घेतल्या. खोट माझ्यात असती, तर दिव्याच्या रेघाही जोडीने उमटल्या असत्या.

सकाळी रसायनात नुकतीच धुतलेली ओली तबकडी खिडकीशी धरली गेली. प्रमुखांनी भिंग लावले. भिंगवाला त्यांच्या खांद्यावरून डोकावू लागला. आणि मी? मी काळ्या डब्यातून कान टवकारले!

"दिव्याच्या रेघा एकेरी," प्रमुख पुटपुटले. "ताऱ्याच्या मात्र दुहेरी." मग ते एकदम ओरडले, "अगं, ताराच एक नाहीये! दोन आहेत!"

"म्हणजे माझा लोलक..." भिंगवाला पुढे सरसावला.

"ठणठणीत आहे, बाबा!" लेक त्याच्या गळ्यात पडली.

प्रमुखांनी भिंगवाल्याचे हात हातात घेतले. "चुकलो मी. तुमच्या मालाला उगाच नावं ठेवली."

त्यानंतर आमच्या कामाला उधाण आले. ते दोन तारे एकमेकांभोवती फिरत होते. एक आपल्याकडे येताना त्याच्या रेघा जांभळ्या बाजूला सरकायच्या, दुसरा दूर जाताना तांबड्या बाजूला. दोघे आडवे धावू लागले की रेघा पुन्हा एक व्हायच्या! त्यांच्या वेगावरून लेकीने त्यांच्या वजनाचाही अंदाज बांधला. इतक्या लांबचे तारे तिने जणू तराजूत घातले!

आता नवी यंत्रे आली आहेत. मी कपाटात आहे. माझ्या अंगावर धूळ साचली आहे, एक कोपरा टवकला आहे. त्याचे मला दुःख नाही. पण मित्रांनो, जुन्या वस्तूला निकामी ठरवून फेकू नका. तिला मऊ फडक्याने पुसा, कडेला धरून अलगद उचला. आणि जे मंद दिसते, त्याच्यावरून घाईने नजर काढू नका.

माझी एकच विनवणी आहे. कपाटाचे दार उघडा, मला उन्हात धरा आणि समोरच्या भिंतीकडे बघा. सात रंग अजून माझ्या पोटात ताजे आहेत!