पहारेकऱ्याच्या चिलखतावरचे चरे

हे तुमच्यापैकी कुणालाही पटणार नाही, ते आधीच सांगून ठेवतो. मला कुणी सांगितलं असतं तर मी अर्धा चहा टाकून उठलो असतो. पण तुमचे कप अजून भरलेले दिसतात, आणि चिलखताच्या मंडळात नवीन भरती झालेल्यांनी हे ऐकलेलं बरं. तेव्हा बसा.

गाड्या रंगवणारा एक पेंटर होता. त्याला सगळे आरसामामा म्हणत. मामा तो खरा एकाच पोरीचा, पण ते नातं आख्ख्या गल्लीनं उचललं होतं. आणि आरसा अशासाठी, की त्यानं रंगवलेल्या गाडीच्या दारासमोर उभं राहून माणसं दाढी उरकून घेत. कावळे त्याच्या हातच्या बॉनेटवर बसत नसत. खाली एक कावळा आधीच बसलेला दिसे. एकदा तर एक मालक आपल्याच काळ्या गाडीजवळून दोनदा पुढे निघून गेला. गाडीत समोरचा रस्ता इतका स्वच्छ दिसत होता, की त्याला वाटलं रस्ताच आहे.

अशा माणसाचं जन्मभर एकच म्हणणं. "माझ्या हातून आजवर कशालाही चरा पडलेला नाही. चरे लोक पाडतात, मी बुजवतो." हे तो गिऱ्हाइकाला सांगे, शेजाऱ्याला सांगे, दात काढायला गेला तर तोंडात चिमटा असताना डॉक्टरलाही सांगे. घराची किल्ली तो फ्लॅनेलच्या पिशवीत ठेवी, आणि कुलपात अशी सरकवी की जणू झोपलेल्या बाळाच्या डोक्यावर टोपडं घालतोय.

त्याचा जोडीदार ठोक्या, म्हणजे गाड्यांचे पोचे काढणारा, त्याला म्हणायचा, "मामा, तू नखं कापल्यावर त्यांनाही बफ मारून चमकवतोस का रे?"

"मग? तशीच सोडायची?" मामा विचारायचा. आणि खरंच विचारायचा.

तर एके दिवशी त्याची भाची गॅरेजात आली. ही पोर चष्म्याच्या दुकानात काचा घासायची. केसाएवढा फरक तिला लांबून दिसायचा. बाकी समोरून ट्रक आला तर दिसेल याची खात्री नाही. काखेत काळ्या फोमच्या चटयांची गुंडाळी, व्यायामशाळेत अंथरतात तसल्या.

"मामा, एक कोपरा हवाय."

"कशाला?"

"चिलखत बनवायचंय."

मामानं ठोक्याकडे बघितलं. ठोक्या म्हणाला, "लग्न ठरलं वाटतं."

भाचीनं त्याच्याकडे दुर्लक्ष करून सगळं सांगितलं. एक सिनेमा होता. त्यात चंद्रावरच्या एका खाणीच्या फाटकाशी एक पहारेकरी उभा असतो. त्याची पाळी संपते, पण त्याला मोकळं करायला कुणी येत नाही. खाली पृथ्वीवर सगळे त्याला विसरलेले असतात. तो आपला वर्षानुवर्षं उभा. ह्या सिनेमाच्या वेड्यांचं एक मंडळ होतं. पडद्यावरचं चिलखत जसंच्या तसं बनवायचं, मंडळाच्या तपासणीत उतरायचं, मग वर्षाच्या संचलनात सगळ्यांबरोबर चालायचं. भाची दोनदा गेली होती आणि दोनदा परत आली होती. पहिल्यांदा खांद्यावरचे बोल्ट जवळजवळ होते म्हणून, दुसऱ्यांदा नडगीचा हिरवा रंग जरा जास्त हिरवा होता म्हणून. तिसऱ्यांदा नाही म्हणाले की कायमचं नाही, असा मंडळाचा नियम.

"म्हणजे पुढच्या आठवड्यात जमलं नाही तर संपलं," ती म्हणाली. हसतच म्हणाली, पण चटयांची गुंडाळी तिनं छातीशी अशी घट्ट धरली होती, की मामानं झाडू घेऊन कोपरा स्वतः झाडला.

मग जे काम सुरू झालं ते विचारू नका. कागदाचे साचे कापले, ते चटईवर ठेवून कटरनं फोम कापला, गरम हवेच्या गननं मऊ केला. छातीला बाक हवा म्हणून तो स्कूटरच्या मडगार्डवर दाबून धरला. पाठीचं कुबड ठोक्यानं आपल्या पोटावर काढून दिलं, आणि ते इतकं गोल आलं की नंतर आठवडाभर तो कमी जेवला. भिंतीवर सिनेमातली थांबवलेली चित्रं चिकटवलेली: डावा खांदा, उजवा खांदा, कोपर, कोपराची मागची बाजू. भाचीची आई, म्हणजे मामाची बहीण, फोनवर कुरकुरायची, "दादा, तिनं तो सिनेमा इतक्यांदा मध्येच थांबवलाय, की घरात शेवट कुणालाच माहीत नाही."

रंगाची वेळ आली तेव्हा मामाच्या हातात रंगाची गन देऊन भाची म्हणाली, "आधी रुपेरी. तो नीट वाळला की वर हिरवट."

"रुपेरी झाकायचाच आहे तर मारायचा कशाला?"

"तुम्ही मारा तर."

मामानं मारला. रुपेरीवर हिरवट. असा बसला रंग, की गल्लीतल्या दोन बायका छातीच्या तुकड्यात बघून केस सारखे करून गेल्या. मामा दोन पावलं मागे सरकून उभा राहिला, आणि त्याच क्षणी भाचीनं कंपासपेटीतला कर्कटक काढला आणि छातीवरून कर्रकन ओढला.

मामा खाली बसला. ठोक्यानं पाणी आणलं.

"मामा, हेच तर करायचंय," भाची त्याच्या शेजारी उकिडवी बसली. "वरचा हिरवट खरवडला की आतून रुपेरी दिसतो, म्हणजे खालचा धातू उघडा पडल्यासारखा. नवंकोरं चिलखत घालून कोण इतकी वर्षं उभं राहील? हा बघा, हा छातीवरचा दगड लागला तेव्हाचा. हा कोपराचा, फाटकाला टेकून टेकून. आणि हे मांडीवरचे बारीक बारीक, तो वाट बघताना बोटं वाजवतो त्याचे."

मामानं एकेक चित्र जवळ जाऊन बघितलं. मग म्हणाला, "ह्या माणसानं एकदाही सर्व्हिसिंग केलेलं नाही."

"कोण करणार? सगळे विसरलेत ना त्याला."

पुढचे दिवस मामा तिच्याकडे पाठ करूनच काम करायचा. कर्कटक ओढला की त्याचे खांदे वर जायचे. चरे झाल्यावर तिनं काळा पातळ रंग फासून पुसला, खाचांत मळ साचल्यासारखा राहिला. तपासणीच्या आदल्या संध्याकाळी चिलखत तयार झालं. खरंच तो पहारेकरी आत्ता चंद्रावरून उतरून, पाय दुखतात म्हणून टेकलाय असं वाटत होतं. भाचीनं ते खिडकीजवळच्या लोखंडी घोडीवर टांगलं आणि घरी गेली.

आता इथं एक गोष्ट ती विसरली. किंवा तिला ती कधी कळलीच नव्हती. खिडकीजवळच्या घोडीवर जे टांगलेलं असेल ते दुपारपर्यंत गिऱ्हाइकाला द्यायचं, असा त्या गॅरेजचा रिवाज होता. बंपर असो, दार असो, मडगार्ड असो. मामानं त्याबाबत आयुष्यात कधी विचार केला नव्हता. मामाचे हात सकाळी डोळ्यांच्या आधी उठत. डोळे चहानंतर.

सकाळी मामा आला. घोडीवर काहीतरी टांगलेलं. चरे पडलेले, मळलेलं, कुणीतरी फार वाईट वापरलेलं. हातांनी पॉलिश पेपर उचलला. चरे घासले, खाचांत पुट्टी भरली, पुन्हा घासलं. मामा अर्धवट कामाचा माणूस नव्हे; अगदी खालून, रुपेरीपासून सगळं परत मारलं, वर हिरवट, मग लॅकर, मग बफ. झटपट वाळणारा रंग, वरून पंखा. तेवढ्यात ठोक्या चहा घेऊन आला. पहिला घोट घशाखाली गेला, डोळे उघडले, आणि पहारेकऱ्याच्या छातीत मामाला स्वतःचं तोंड दिसलं.

ते तोंड पांढरं पडत गेलं. इतकं स्वच्छ दिसत होतं, की पांढरं पडताना कानापासून सुरुवात झाली हेही त्याला कळलं.

"ठोक्या," तो म्हणाला, "मी काय केलं रे?"

"डिलिव्हरी," ठोक्या म्हणाला.

भाची आली. तिनं बघितलं. ती रडली नाही, ओरडली नाही. एक डबा उलटा घातला, त्यावर बसली, आणि म्हणाली, "हा आज सकाळीच नोकरीला लागलेला दिसतो."

"परत पाड ना चरे," मामा पुटपुटला. "अजून वेळ आहे."

तिनं कर्कटक घेतला. मांडीपाशी पहिलाच चरा वेडावाकडा गेला. "नाही जमत मामा. असे पडले तर मांजरानं ओरबाडलंय म्हणतील." मग तिनं कर्कटक त्याच्यापुढे धरला. "तुम्ही पाडाल?"

मामानं दोन्ही हात पाठीमागे नेले. मुद्दाम नव्हे. हातच गेले.

तिनं कर्कटक घोडीवर ठेवला आणि उठली. "हेल्मेट घरी आहे, ते आणते. तुम्ही चिलखत टेंपोतून थेट तपासणीच्या हॉलवर घेऊन या. निदान हेल्मेट घालून नकार ऐकते. तोंड दिसायला नको."

आणि गेली. मी तुम्हाला पटणार नाही म्हणालो होतो ना, ते इथून पुढचं.

मामानं कर्कटकाला बोटसुद्धा लावलं नाही. हे लक्षात ठेवा. चिलखत उघड्या टेंपोत ठेवलं, दोरी बांधली, ठोक्या गाडी चालवायला. पण ठोक्याच्या गाठी त्याच्या विनोदांसारख्या, वेळेला सुटणाऱ्या. पहिल्याच गतिरोधकावर चिलखत उडालं आणि छातीवर आपटलं, ते नेमकं एका टपालपेटीच्या कोपऱ्यावर. झाला, दगडाचा चरा. तिथून ते उतारावर घरंगळत निघालं आणि कुणाच्यातरी फाटकाला कोपर घासत गेलं. फाटकाला, बरं का, सिनेमातल्यासारखंच. दोघं मागे धावतायत. तेवढ्यात एक कुत्रं आलं, त्यानं चिलखताचा हातमोजा तोंडात धरून ते गल्लीभर फरफटत नेलं. त्याला एक दात नव्हता, म्हणून दातांच्या चऱ्यांत, चित्रात आहे तशी, मधली रेघ सुटली. पुढे कोंबड्यांच्या खुराड्यात जाऊन पडलं. कोंबड्यांना चकचकीत मांडीत दुसऱ्या कोंबड्या दिसल्या, त्यांनी भांडण काढलं, आणि चोची मारून मारून वाट बघणाऱ्याच्या बोटांचे सगळे बारीक चरे पाडून दिले. शेवटी कोळशाच्या वखारीवरून वारा आला आणि खाचांत काळा मळ बसवून, जास्तीचा पुसून घेऊन गेला. एवढं होईपर्यंत ते घरंगळत हॉलच्या दारात पोचलं होतं. टेंपो उगाचच नेला.

भाचीनं दारातच ते अंगावर चढवलं. एकदा छातीकडे बघितलं, एकदा मामाकडे. मामा आभाळाकडे बघत होता.

तपासणीला जो माणूस होता त्याला भिंगवाले म्हणत, कारण तो जेवतानाही भिंग सोडत नसे. त्यानं सिनेमातली चित्रं बाहेर काढली आणि एकेक चरा ताडून बघायला लागला. छाती बरोबर. कोपर बरोबर. मांडी तर इतकी बरोबर, की त्यानं भिंग पुसून परत बघितली. मग तो कमरेच्या बकलापाशी थांबला. तिथं एक छोटीशी झिजलेली जागा होती, अंगठ्याएवढी. "हे चित्रात नाही," तो म्हणाला. भाचीचा श्वास हेल्मेटात अडकल्याचा आवाज मामाला भिंतीपाशी ऐकू आला. त्या माणसानं हॉलमध्येच सिनेमा लावला. पुढे नेला, मागे आणला. नाहीच ती जागा. मग तो खुर्चीत बसला आणि म्हणाला, "रोज बकल उघडताना अंगठा इथंच लागणार. म्हणजे चूक सिनेमावाल्यांची आहे." आणि शिक्का मारला.

संचलनात ती पहिल्या रांगेत चालली. आणि आरसामामाचं म्हणणं शाबूत राहिलं: त्याच्या हातून आजवर कशालाही चरा पडलेला नाही. टपालपेटी, फाटक, कुत्रं, कोंबड्या, त्यांच्या हातून पडला असेल, आपण काय करणार. ते चिलखत हे काय, इथं तुमच्या मागेच उभं आहे. वळून खुशाल हात लावून बघा, एकही चरा माणसानं—

रंगाच्या खोलीचा पडदा सरकला. हातात कुणाच्यातरी गुडघ्याचा तुकडा आणि नाकावर मास्क, अशी भाची बाहेर आली. मास्क खाली ओढून ती थेट सांगणाऱ्यालाच म्हणाली, "खोटं आहे मामा. रस्त्यावर आपटलं असतं तर फोम फाटून काळा दिसला असता. ह्यातला एकेक चरा हिरवट कापून रुपेरीपाशी थांबलाय. कुत्र्याला काय माहीत, खाली रुपेरी आहे ते?"