पाण्यातलं जिवंत

डायव्हिंग शिकवणाऱ्या ललितने अंगठा वर केला, तेव्हा ज्योत्स्नाने नकारार्थी मान हलवली. पाण्याखाली अंगठा दाखवला की वर निघायचं, हे चार दिवसांच्या शिकवणीत तिच्याकडून दहादा घोकून घेतलं होतं. पण समोर हातभर अंतरावर, प्रवाळाच्या फटीतून एक बोटाएवढा पिवळा मासा डोकं बाहेर काढून बघत होता आणि तो अजून कॅमेऱ्यात आलेला नव्हता. तिने एका हाताने प्रवाळ धरलं, दुसऱ्याने कॅमेऱ्याची पारदर्शक पेटी पुढे केली. पायातले रबरी पंख तळावर आपटले, वाळू उठली, मासा गेला. तेवढ्यात पाठीवरच्या हवेच्या टाकीला हिसका बसला. ललित तिला धरून वर निघाला होता.

बोटीवर आल्यावर त्याने तोंडातली नळी काढली. मग म्हणाला, "काकू, काट्यावर हवा किती उरली होती?"

"पन्नास."

"पन्नासला काय करायचं असतं?"

"वर यायचं. पण मासा समोर होता."

"मासा उद्याही असेल. तुम्ही असायला हव्यात ना? आणि धरलंत ते दगड नाही, जिवंत असतं. मोडलेलं वाढायला वर्षं जातात." ललित तिशीतला, मालवणचाच, आवाज चढवणं त्याच्या स्वभावात नव्हतं. "उद्या कॅमेरा बोटीवर ठेवायचा."

"उद्या माझा शेवटचा दिवस आहे."

"माहीत आहे."

"मी कॅमेऱ्याशिवाय उतरणार नाही," ज्योत्स्ना म्हणाली, "आणि उतरल्याशिवाय नाशिकला जाणार नाही. बघा काय करता ते."

एक्कावन्न वर्षांची, बुटकी, केसांचा घट्ट अंबाडा घातलेली ही बाई असं बोलेल, असं त्याला वाटलं नव्हतं. किनाऱ्यावर टाक्या उतरवताना त्याने विचारलं, "काकू, एवढं काय आहे त्या फोटोत?"

टाकी पुसता पुसता तिने सांगितलं.

नाशिकरोडला तिचा फोटो स्टुडिओ होता. नवऱ्याचा, भारतचा. लग्न, बारसं, पासपोर्ट आणि अधूनमधून पोलिसांचं काम. दारणेत, गोदावरीत किंवा एखाद्या विहिरीत मयत सापडलं की हवालदार भारतला बोलवायचे. बारा वर्षांपूर्वी भारत हार्टअटॅकने गेला. पंधराव्या दिवशी हवालदार नाथा दुकानात आला आणि रिकाम्या खुर्चीकडे बघत उभा राहिला. "एकलहऱ्याकडं एक सापडलंय, ताई. दुसरा कोणी यायला तयार नाय."

"मी येते," ज्योत्स्ना म्हणाली.

त्या दिवशी मयताचा पहिला फोटो तिने काढला. मग फोटोंचा क्रमच ठरून गेला: समोरून, दोन्ही बाजूंनी, हात, जखमा, अंगावरच्या खुणा. घरी आली की सासूबाई, रंगूबाई, दाराबाहेर बादली ठेवायच्या. अंघोळ केल्याशिवाय आत पाऊल नाही. गल्लीत तिला 'मढ्यांची बाई' म्हणायला लागले. शेजारच्या मंगलाबाईंनी मुलीच्या हळदीचं ठरलेलं काम काढून घेतलं. "तुमच्याबद्दल काही नाही हो, पण शुभकार्य आहे," म्हणाल्या. दीर म्हणाला, "वहिनी, सोडा ते काम, लोक नावं ठेवतात." ज्योत्स्नाने विचारलं, "मी सोडल्यावर त्या माणसांचा फोटो कोण काढणार, लोक?" आणि दुसऱ्या दिवशी दुकानाच्या पाटीवर स्वतःचं नाव घालून घेतलं.

मग तीन वर्षांपूर्वी धरणाच्या काठाला एक मुलगी सापडली. सतरा-अठराची. ओळख पटेना म्हणून पोलिसांनी ज्योत्स्नाने काढलेला फोटो गावोगाव पाठवला. आठवड्याने एक बाई स्टुडिओत आली. सुरगाण्याकडची, द्राक्षबागेत मजुरीला आलेली. तिने पदरातून तो फोटो काढून काउंटरवर ठेवला.

"तू काढला ना बाय? पोरीचा दुसरा फोटू नाय आमच्याकडं. ह्यो नको. हसरा असंल तर दे."

ज्योत्स्नाकडे हसरा नव्हता. ती बाई बराच वेळ बाकावर बसली, मग तोच फोटो पुन्हा पदरात बांधून गेली.

"त्यानंतर नळ सोडला तरी मला तेच दिसायचं," ज्योत्स्ना ललितला म्हणाली. "मग महापालिकेच्या तलावावर बायकांच्या बॅचला नाव घातलं. पोहायला शिकले. जुना कॅमेरा घेतला, त्याला ही पेटी मिळवली. निघताना सासूबाई म्हणाल्या, पाण्याने तुला काय कमी दाखवलंय? म्हटलं, कमीच दाखवलंय. पाण्यातलं जिवंत काही मी अजून बघितलेलंच नाही."

ललितने टाकी रांगेत लावली. मग म्हणाला, "उद्या आधी पाच मिनिटं कशालाही न टेकता तरंगून दाखवायचं. हात छातीशी. वाळूचा कण उडता कामा नये. जमलं तर कॅमेरा देईन. नाही जमलं तर नाही. आणि मी वर म्हटलं की वर."

"मान्य."

दुसऱ्या दिवशी पाणी स्वच्छ होतं. सात-आठ मीटरवर ललित गुडघे मुडपून वाळूवर टेकला, घड्याळ डोळ्यांपुढे धरलं. ज्योत्स्ना आडवी झाली. श्वास घेतला की अंग वर उचललं जाई, सोडला की खाली. पहिल्यांदा ती बुडाली, ढोपर वाळूला लागलं. ललितने बोट गोल फिरवलं, पुन्हा पहिल्यापासून. दुसऱ्यांदा ती फुग्यासारखी वर निघाली. पुन्हा. तिसऱ्यांदा तिने धडपड सोडली. छाती अर्धीच भरायची, हळू रिकामी करायची. बाजूने निळसर माशांचा थवा आला आणि ती खडकच असल्यासारखा तिच्या दोन्ही अंगांनी वाहत गेला. तिने हात हलवला नाही. किती वेळ झाला ते तिला कळलं नाही. डोळ्यांपुढे कॅमेरा आला, तेव्हा तो ललितच्या हातात होता.

त्या एका टाकीच्या हवेत तिने एकशे चाळीस फोटो काढले. ललितने अंगठा दाखवताच मुकाट्याने वर आली.

बोटीवर अंगावर टॉवेल घेऊन तिने ते एकेक पाहिले. निम्मे नुसते निळे. बऱ्याच फोटोंत शेपट्या. एकात तिचाच अंगठा. एकशे सतराव्या फोटोत एक गोल पिवळा मासा थेट भिंगात बघत होता. मान सरळ, दोन्ही डोळे उघडे, पासपोर्टच्या फोटोला बसवल्यासारखा. ज्योत्स्ना एवढ्या मोठ्याने हसली की नाव चालवणाऱ्या सुनीलने वळून पाहिलं.

"बघू बघू," ललित वाकला. "काकू, थोडा हललाय."

"हलणारच. जिवंत आहे तो."

पिशवीतला फोन वाजला. नाथाचा आवाज होता. "ताई, चेहेडीच्या पुलाखाली एक हाये. कधी येताय?"

"मी मालवणला आहे. सोमवारी येते."

"सोमवारपर्यंत कसं थांबायचं? आन् मालवणला कशाला?"

"फोटो काढायला."

"कोणाचे?"

"माशांचे. आजचा फोटो तुमच्या मोबाईलवर घ्या. चेहऱ्यावरचा चिखल आधी धुवा, नीट, हाताने. पाणी फेकू नका नुसतं. आणि समोरून घ्या."

"मी? ताई, माझ्याच्याने..."

"होतं. माझ्याच्याने झालं, तुमच्याच्यानेही होईल."

तिने फोन ठेवला. सुनीलने थर्मासमधला चहा स्टीलच्या पेल्यात ओतून दिला. पेला हातात घेताना तिचं लक्ष स्वतःच्या बोटांकडे गेलं. तासाभराच्या पाण्याने ती पांढरी पडली होती, टोकांना सुरकुत्या पडल्या होत्या. असे हात तिने बारा वर्षं जवळून पाहिले होते; आधी उजवा, मग डावा, शेजारी मोजपट्टी ठेवून.

तिने पेला दोन्ही हातांत घट्ट धरला. स्टील चांगलंच तापलं होतं, बोटं भाजत होती.

"काकू, खाली ठेवा, पोळेल," ललित म्हणाला.

"पोळू दे," ती म्हणाली आणि तसाच तोंडाला लावला.