सोळा तारखेचा ठसा

मी एक जुना टपालाचा शिक्का आहे आणि मला स्वस्थ बसता येत नाही. मित्रांनो, तुम्ही म्हणाल, लोखंडाच्या तुकड्याला कसली आली चुळबुळ? पण ज्याने वर्षानुवर्षं रोज सकाळी शाईच्या गादीवर एक उडी आणि पाकिटावर एक उडी अशी धपाधप धावपळ केली, त्याला कपाटात कोंडून ठेवा आणि मग बघा. शिवाय माझ्या चुळबुळीचं खरं कारण वेगळंच आहे. मी एकदा खोटं बोललो. त्या खोट्यामुळे एक बहीण आपल्या भावाला कायमची दुरावली. ते सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

माझा जन्म एका ओतकामाच्या कारखान्यात झाला. माझा चेहरा गोल, वरच्या बाजूला कार्यालयाचं नाव आणि मधोमध तीन खाचा, दिवसाची, महिन्याची आणि वर्षाची. या खाचांमध्ये आकड्यांचे बारीक खिळे बसवायचे आणि तारीख बदलली की तेही बदलायचे. मूठ मात्र लाकडी, हाताला गुळगुळीत लागणारी. कोरणाऱ्याच्या हातून मी एकदा फरशीवर पडलो आणि माझ्या कडेचा टवका उडाला. तपासणाऱ्याने मला उजेडात धरून पाहिलं आणि म्हणाला, "चालेल." तेव्हापासून माझ्या प्रत्येक ठशाच्या गोलात खाली डावीकडे एक बारीक फट असते. पुढे हीच खोड उपयोगी पडली.

मला एका लहान गावाच्या टपाल कार्यालयात पाठवलं. कार्यालय म्हणजे एक खोली, एक खिडकी, एक तराजू आणि भिंतीला टेकवलेली सायकल. पोस्टमास्तर एकटेच. ठसे तेच मारायचे आणि सायकलवरून पत्रंही तेच वाटायचे. सकाळी सातला चिमट्याने कालचा खिळा काढायचा, आजचा बसवायचा आणि पहिला ठसा एका जाड वहीत उमटवायचा. तिला ठसावही म्हणत. ठशाशेजारी वेळ आणि सही झाली की मगच पत्रांना हात लावायचा, असा नियम होता. पाकिटाच्या पाठीवर माझा ठसा पडला की ते त्या तारखेला गावात पोचलं असं ठरायचं. त्यापुढे कुणाचं काही चालत नसे.

एकदा तपासणीला आलेले साहेब म्हणाले, "ठसा असावा तर असा. अक्षर न् अक्षर वाचता येतं." झालं! त्या दिवसापासून मी हवेतच होतो. मी सांगतो ती तारीख, असा माझा तोरा होता.

मग पोस्टमास्तरांना ताप आला. सोळा तारखेला त्यांनी कसंबसं काम उरकलं आणि संध्याकाळी कुडकुडत घरी गेले. सतरा आणि अठरा, दोन दिवस कार्यालयाला कुलूप होतं. डाकगाडीवाला यायचा, खिडकीच्या गजांतून पिशवी आत ढकलायचा आणि निघून जायचा. सतराच्या सकाळी एक पिशवी धप्पकन टेबलाखाली पडली. तिच्यात एका बहिणीने भावाला लिहिलेलं पत्र होतं. मी खणात होतो आणि ते पत्र माझ्यापासून चार हातांवर होतं. दोन दिवस आम्ही एकाच बंद खोलीत पडून राहिलो.

एकोणीसला पोस्टमास्तर आले ते कानाला मफलर गुंडाळून. समोर तीन पिशव्यांचा ढीग बघून त्यांनी कपाळाला हात लावला. ना चिमटा घेतला, ना ठसावही उघडली. मला उचललं आणि सुरुवात केली. मित्रांनो, माझ्या पोटात अजून सोळाचा खिळा होता! मला ते जाणवत होतं. मी त्यांच्या मुठीत वाकडा झालो, एक ठसा मुद्दाम अर्धवट उमटवला. त्यांनी मला आणखी जोरात दाबलं. सत्तर-ऐंशी पाकिटांवर सोळा उमटला आणि ती पाकिटं सायकलवर बसून निघून गेली.

साडेबाराला ते परत आले. एका घराला कुलूप होतं म्हणून एक पाकीट परत आणलं होतं. ते ठेवता ठेवता त्यांची नजर त्याच्या पाठीवर गेली आणि चेहरा पडला. त्यांनी घाईघाईने ठसावही उघडून मला तिच्यावर दाबलं. सोळा. त्यावर त्यांनी काट मारली. मग चिमटा घेऊन एकोणीस बसवला, खाली नवा ठसा उमटवला, साडेबाराची वेळ घातली आणि सही केली. सायकल दारातच उभी होती. त्यांनी तिचं हँडल धरलं आणि सोडून दिलं.

"जाऊ दे," ते म्हणाले. "दोन-तीन दिवसांचा तर फरक. कुणाचं काय अडणार आहे?"

खोलीत दुसरं कुणी नव्हतं. म्हणजे ते मलाच म्हणाले असावेत.

अडलं ते घड्याळजीचं. त्याची हकीकत मला पुढे तुकड्यातुकड्यांनी कळली. बाजाराच्या गल्लीत त्याचं दुकान होतं. दाराला पत्र टाकायची फट होती आणि आतून तिच्याखाली एक लाकडी पेटी. त्या दिवसांत त्याने शाळेच्या मनोऱ्यावरचं मोठं घड्याळ दुरुस्तीला घेतलं होतं. त्याची चाकं दुकानभर पसरलेली. अशा कामात पडला की त्याला जेवणाची शुद्ध नसायची, तिथे पेटी कोण उघडतो? टपाल कार्यालय बंद होतं हेही त्याला ठाऊक नव्हतं. एकोणीसच्या दुपारी त्याने सहज पेटी उघडली. दोन पाकिटं होती. एक स्प्रिंगच्या व्यापाऱ्याचं, ते त्याने न वाचताच बाजूला टाकलं. दुसरं बहिणीचं. आत चौदा तारीख घालून तिने लिहिलं होतं, "दादा, आईचं काही खरं नाही. सारखी तुझी आठवण काढते. हातातलं काम टाक आणि नीघ."

तो तसाच निघाला. एका दिवसाची वाट. वीसला पोचला तेव्हा सगळं उरकलं होतं. आई अठराच्या सकाळी गेली होती.

"मला काल मिळालं गं पत्र," तो म्हणाला.

बहिणीने त्याच्या हातातून पाकीट घेतलं आणि उलटं केलं. "सोळा तारीख आहे, दादा. सोळाला आलंय हे. आई अठरापर्यंत दाराकडे बघत होती."

घड्याळजी पाकीट तिच्याच हातात ठेवून माघारी फिरला. वाद का घातला नाही, ते मला आठवड्याने कळलं. तो आमच्या खिडकीशी आला. दाढी वाढलेली, डोळे लाल.

"ते पत्र खरंच सोळाला आलं होतं का हो?" त्याने विचारलं. "पाकीट बहिणीकडे आहे. त्यावर शिक्का सोळाचा आहे. मला वाटतं, मीच पेटी उघडली नाही. तीन दिवस तसंच पडलं असेल आत."

पोस्टमास्तरांच्या हातात मी होतो. त्यांनी मला खाली ठेवलं, पुन्हा उचललं, पुन्हा ठेवलं. दोन दिवसांवर तपासणी होती.

"शिक्का सोळाचा असेल तर सोळालाच आलं," ते म्हणाले. "शिक्का कशाला खोटं बोलेल?"

"बरोबर आहे तुमचं," घड्याळजी म्हणाला आणि गेला.

जन्मभर काट्यांवर आणि आकड्यांवर विसंबलेला माणूस तो. स्वतःच्या आठवणीपेक्षा त्याने माझ्यावर विश्वास ठेवला. मला तोंड असतं तर मी तिथेच ओरडलो असतो.

त्यानंतर दर वर्षी त्या महिन्याच्या अठराला तो बहिणीसाठी एक पत्र टाकायचा. मी पाकिटाच्या पुढच्या बाजूला ठसा मारायचो. दहा दिवसांनी ते परत यायचं, 'घेण्यास नकार' असा शेरा घेऊन. मग मी त्याच्या पाठीवर ठसा मारायचो. अशी अकरा पत्रं गेली आणि अकरा परत आली. परत आलेलं पत्र पोस्टमास्तर घड्याळजीच्या फटीतून टाकायचे आणि तिथून जोरात सायकल हाणायचे. ते निवृत्त झाले, पण त्या दिवसाबद्दल बोलले नाहीत.

मीही झिजलो. नवं यंत्र आलं आणि माझी रवानगी जुन्या कागदपत्रांच्या खोलीत झाली. तिथे मोडके तराजू, वाळलेली लाख आणि फडक्यात बांधलेल्या ठसावह्या होत्या. खोली सांभाळणाऱ्या गृहस्थांना सगळे कुलूपकाका म्हणत, कारण लावलेल्या कुलपातही ते पुन्हा किल्ली फिरवून बघत. धूळ साचली, मुठीला कीड लागली. माझी ठसावही खालच्या फळीवर निळ्या फडक्यात पडून होती आणि मी वरून तिच्याकडे बघत तळमळत होतो. मी आणि ती, दोघांनाच खरं ठाऊक होतं.

मागच्या वर्षी एक बाई आली. पंचेचाळिशीची असेल. कारण कळल्याशिवाय कुलूपकाका कुणाला किल्ली देत नाहीत, म्हणून तिने उभ्या उभ्या सगळं सांगितलं. तिचा एकेक शब्द ऐकून माझं लोखंड तापत होतं.

ती घड्याळजीची नात. तिचे बाबा वारले तेव्हा आजोबांची जुनी पेटी उघडली. तिच्यात अवजारं, भिंग आणि अकरा बंद पत्रं होती. घरात आजोबांच्या बहिणीचं नाव कुणी काढत नसे. आजोबांनी लोकांची घड्याळं दुरुस्त केली, पण स्वतःच्या घरात शेवटपर्यंत एकही लावलं नाही. असं का, हे तिला कळेना. तिने मोठ्या कागदावर वंशावळ मांडायला घेतली. एक फांदी कोरीच राहिली. मग ती नोंदवह्या धुंडाळू लागली. पणजीची मृत्यूची नोंद मिळाली, अठरा तारीख, सकाळी दहा. विवाहनोंदींतून आत्याआजीचं सासर सापडलं. आत्याआजी अजून होती, चौऱ्याऐंशी वर्षांची, एकटी.

"पहिल्यांदा उंबऱ्यातच उभं केलं मला," नात म्हणाली. "मग आतून पाकीट आणलं. अठ्ठावन्न वर्षं जपून ठेवलंय. म्हणाली, दादा म्हणाला काल मिळालं. वाच, सोळा तारीख आहे. तिच्याकडेही घराण्याची एक यादी आहे, काका. त्यात आजोबांच्या नावावर शाई फासलीय."

"मग आता काय राहिलं?" कुलूपकाका म्हणाले.

तिने पिशवीतून दुसरं पाकीट काढलं. "हेही आजोबांच्या पेटीत तळाशी होतं, न फोडलेलं. मी फोडलं. स्प्रिंगच्या व्यापाऱ्याचं. आत लिहिलेली तारीख सतरा आहे. मागे ठसा सोळाचा. सतराला लिहिलेलं पत्र सोळाला कसं पोचेल?"

कुलूपकाकांनी मान खाजवली. "व्यापारीच चुकला असेल."

"असेल. म्हणून तर ठसावही बघायचीय."

दोन दिवस ते शोधत होते! आधी भलतंच वर्ष उघडलं. मग वरच्या फळ्या उपसल्या. अरे, खाली बघा, निळं फडकं! मी एवढा कासावीस झालो की फळीवरून घरंगळलो आणि धाडकन खाली पडलो. मला उचलायला कुलूपकाका वाकले आणि त्यांना निळं फडकं दिसलं. आता मी पडलो की उंदराने पाडलं, हे तुम्ही ठरवा.

सोळाची नोंद नीट होती. सतरा आणि अठरासमोर ठसा नव्हता, फक्त 'ताप. कार्यालय बंद' असं लिहिलेलं. एकोणीससमोर काट मारलेला सोळा आणि त्याखाली साडेबाराचा एकोणीस. नातीने आजोबांचं भिंग डोळ्याला लावलं. सगळ्या ठशांच्या गोलात खाली डावीकडे तीच बारीक फट होती, व्यापाऱ्याच्या पाकिटावरही. ती तिथेच जमिनीवर बसली.

"आजोबा खरं तेच बोलत होते," ती म्हणाली. "पण ते त्यांनाच माहीत नव्हतं."

चार दिवसांनी आत्याआजी स्वतः आली. नातीने फोटो पाठवला होता, पण तिला फोटो नको होता, पान हवं होतं. काठी टेकत ती जिना चढली, धाप लागली तरी बसली नाही. सतरा, अठरा, एकोणीस, अशा एकेका ओळीवर तिने बोट ठेवलं. मग विचारलं, "तो शिक्का आहे का इथे?"

कुलूपकाकांनी मला पुसून तिच्या हातात दिलं. कितीतरी वर्षांनी मला तळहात लागला. हडकुळा आणि गार. मला वाटलं, ही आता मला खिडकीबाहेर फेकणार. फेकलं असतं तर माझी तक्रार नव्हती.

"यात एकोणीस लावा," ती म्हणाली.

"आजी, हा बाद झालेला शिक्का आहे. असा ठसा मारायचा नसतो."

"तेव्हाही मारायचा नव्हता."

कुलूपकाकांनी खिळ्यांची डबी शोधली. आत्याआजीने आपलं पाकीट टेबलावर उलटं ठेवलं आणि मला दोन्ही हातांनी दाबलं. पहिला ठसा फिसकटला. दुसरा स्वच्छ उमटला. सोळाच्या शेजारी एकोणीस.

"दादा," ती त्या ठशाकडे बघून म्हणाली, "उशीर तुला नव्हता रे झाला." मग तिने नातीपुढे हात केला. "ती अकरा पत्रं आणलीस ना? दे. आता घेते मी."

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू, वह्या, पाकिटं टाकून देऊ नका. कधी ना कधी कुणीतरी शोधत येतं. पण एखाद्या माणसापेक्षा आमच्या शब्दाला जास्त किंमतही देऊ नका. आम्ही आतला खिळा सांगेल तेच बोलतो. तुमच्या घरात कुणी "मला कालच कळलं" असं म्हणालं, तर पाकीट उलटं करण्याआधी त्याच्या तोंडाकडे नीट बघा. आणि कधी तुमच्या हातून चूक झाली, आणि ती साडेबाराला ध्यानात आली, तर जाऊ दे म्हणू नका. एकच्या आत सायकल काढा.