वर्तुळाबाहेरची झाडं

कार्यालयात तिला सगळे ‘भिंग’ म्हणत. देशभरातल्या जंगलांची मोजणी तिच्या टेबलावर येऊन पडे आणि तिच्या नजरेखालून गेल्याशिवाय एकही आकडा पुढं सरकत नसे. कुणी उतारावर बसून अंदाजपंचे उंची लिहिलीय, कुणी पावसाला कंटाळून गाडीतच झाडांचे घेर भरलेत, हे तिला आकड्यांच्या नुसत्या चेहऱ्यावरून कळे. घरी नवरा म्हणायचा, “चहात माशी सापडली नाही, तर ही चहावरच संशय घेते.”

त्या वर्षी तिचा संशय पूर्वेच्या खोऱ्यावर बसला. आजूबाजूच्या सगळ्या विभागांत झाडं थोडीफार कमी झाली होती. कुठं वणवा, कुठं कीड, कुठं कुऱ्हाड. या एका खोऱ्यात मात्र एक झाड पडलेलं नाही, की वाळलेलं नाही. सगळी गुटगुटीत. आणि उपग्रहाच्या छायाचित्रात तेच खोरं विरळ होत चाललेलं दिसत होतं. म्हणजे एक तर वरचा डोळा खोटं बोलत होता, नाही तर खालची माणसं.

खालच्या माणसांचा प्रमुख होता तिचा सख्खा मोठा भाऊ.

झाडाला छातीएवढ्या उंचीवर फीत कशी लपेटायची, हे तिला शिकवलं होतं दादानंच. पण त्याचा गुडघा आता पार कामातून गेला होता. जिना चढताना तो कठड्याला लोंबकळायचा. असा माणूस ते खडे चढ चढतो कसा? मागे त्याच्या घरी गेली, तेव्हा दाराशी त्याचे बूट तिनं उलटे करून बघितले होते. तळ कोरे करकरीत.

“नवे घेतलेत,” वहिनी म्हणाली होती. “जुने फाटले.”

तिनं मान हलवली, पण मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. दादा घरी बसून जंगल लिहितोय.

फेरतपासणीला स्वतः जायचं तिनं ठरवलं. साहेबांनी चष्मा कपाळावर सरकवला. “सख्ख्या भावाची तपासणी तुम्ही करणार? नियमात बसतं का हे?”

“नाही बसत. पण दुसऱ्या कुणी केली, तर माझा विश्वास बसणार नाही.”

शेवटी साहेबांनी तोड काढली. मापं घ्यायला दुसऱ्या विभागाचा एक मोजणीदार, आणि तिनं नुसतं बघायचं.

नेमानं मोजायच्या जागा खोऱ्यात थोड्याच होत्या. प्रत्येक जागा म्हणजे एक वर्तुळ, मधोमध जमिनीत पुरलेली लोखंडी खुंटी. वरून काहीही दिसता कामा नये, हा नियम. कारण तेवढ्या वर्तुळातल्या झाडांवरून साऱ्या खोऱ्याचा हिशोब मांडायचा असतो. ती जागा लोकांना कळली, तिथल्या झाडांना कुणी वेगळं वागवलं, की सगळं गणितच फसलं.

दादा पुढं होता. दोन्हीकडच्या उंच झुडपांमुळे पायवाटेपलीकडचं काही दिसत नव्हतं. लंगडत होता, तरी घाईनं.

“दादा, सावकाश. गुडघा...”

“गुडघा माझा आहे, बारके. तू तुझे पाय सांभाळ.”

ती आणि मोजणीदार धापा टाकत पोचले, तेव्हा तो एका झाडाच्या बुंध्याशी उकिडवा बसला होता. दोन्ही तळवे चिखलानं माखलेले.

“काय करतोयस?”

“घसरलो.”

पण त्याच्या पँटवर चिखलाचा ठिपकासुद्धा नव्हता.

मोजणीदारानं खुंटी शोधली, दोरी ताणली आणि एकेका झाडाला फीत लावत आकडे सांगायला सुरुवात केली. तिनं दादाचे आकडे समोर धरले होते. पहिलं झाड जुळलं. दुसरं जुळलं. काही ठिकाणी केसाइतका फरक, वाढीचा. सगळी झाडं जिथल्या तिथं उभी होती आणि दादानं ती खरोखरच मोजली होती.

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“झालं समाधान?” दादा म्हणाला. “आता लिहून टाक, भाऊ चोर नाही म्हणून.”

कसंनुसं हसून तिनं कॅमेरा काढला. सगळं वर्तुळ एका चित्रात मावेना, म्हणून ती मागं मागं सरकली. झुडपातून आणखी मागं. टाच कशालातरी अडखळली आणि ती मटकन खाली बसली. हाताला ओलसर, सपाट लाकूड लागलं. फांद्यांखाली झाकलेला बुंधा. त्याच्यापलीकडे दुसरा, तिसरा. जिथवर नजर जात होती, तिथवर नुसती थोटकं. तिनं वळून बघितलं. उजाड जागेत वर्तुळातली तेवढी झाडं दाटीवाटीनं उभी होती, बेटासारखी.

परत येऊन ती, मघाशी दादा बसला होता, त्या झाडाच्या बुंध्याशी बसली. रुमाल ओला केला आणि मुळाजवळचा चिखल पुसला. खाली पांढऱ्या रंगाचा ठिपका होता. शेजारच्या झाडालाही. सगळ्यांनाच.

“कुणाला विकलंस खोरं?” तिनं विचारलं.

दादाचा चेहरा पांढराफटक पडला. “विकलं? बारके, मी... अगं, खुंटी सापडायला अर्धा दिवस जायचा इथं. जागा दाखवणारं यंत्र दाट झाडीत भलतीकडेच न्यायचं. हा पाय घेऊन किती भटकू? म्हणून खूण केली. बस, एवढंच.”

“मग झाकत का होतास?”

“तू येणार म्हणून! नियम मोडलाय, हे मला कळत नाही का?”

“आणि बाहेरची थोटकं दिसली नाहीत तुला?”

त्यानं तळव्यांवरचा चिखल पँटला पुसला. मग म्हणाला, “दिसली. वर्तुळातलंच मोजायचं असतं, म्हणून तेवढंच मोजलं.”

पुढच्या वर्तुळांतही तेच निघालं. आत दाट, बाहेर भकास. दादाच्या सांगण्यावर विश्वास ठेवावा असं तिला फार वाटत होतं, म्हणूनच ठेववत नव्हता.

खाली रस्त्याला लागल्यावर चहाच्या टपरीपाशी ओंडक्यांनी भरलेला ट्रक उभा होता. ती ड्रायव्हरजवळ जाऊन सहज विचारावं तसं म्हणाली, “वरची पांढऱ्या ठिपक्यांची झाडं बरी सोडलीत तुम्ही.”

“ती मोजणीची ना,” तो बशीत फुंकर मारत म्हणाला. “मुकादमाची ताकीद आहे, मोजणीत झाडं घटली तर तोडीचा परवाना जाईल म्हणून. ठिपका दिसला की कुऱ्हाड लांब.”

“मोजणीची, हे सांगितलं कुणी?”

“सांगायला कशाला हवं? ते लंगडे साहेब दर वेळी त्याच झाडांना फीत गुंडाळतात. आमची माणसं झाडीतून बघत असतात की.” मग तिच्या गळ्यातलं ओळखपत्र त्याला दिसलं, आणि चहा तसाच टाकून त्यानं ट्रक चालू केला. मोजणीदारानं तेवढ्यात नंबर टिपून घेतला.

टपरीच्या आड थांबलेल्या दादानं सगळं ऐकलं होतं. तो बाकावर बसून गुडघा चोळत राहिला. “तुला खरंच वाटलं, मी विकलं?”

“हो,” ती म्हणाली. “वाटलं.”

साहेबांना पटवणं सोपं गेलं नाही. “अहो, खोऱ्यातलं जंगल वाढल्याचे आकडे वर गेलेत. जाहीर व्हायचेत.” ती ऐकेना. शेवटी खोऱ्याचे आकडे मागं घेतले गेले, कुणालाही ठाऊक नसलेल्या नव्या जागा चिठ्ठ्या टाकाव्यात तशा निवडल्या गेल्या आणि दुसऱ्या तुकडीनं त्या मोजल्या. तोडीचा परवाना रद्द झाला. मुकादमाची चौकशी लागली. ठिपक्यांबद्दल तिनं अहवालात स्पष्ट लिहिलं, कुणी लावले तेही. दादाचं जंगलातलं काम गेलं आणि त्याला मुख्य कार्यालयात बसवलं.

बरेच दिवस तो तिच्या मजल्यावर फिरकला नाही. जिन्यात दिसली, तर कठडा बघत चढायचा. वहिनीनं फोन उचलणं बंद केलं.

मग एका दुपारी तो तिच्या खोलीत आला आणि समोरच्या खुर्चीत बसला. “नवे आकडे आले म्हणे खोऱ्याचे.”

तिनं पडदा त्याच्याकडे वळवला. तो बराच वेळ वाचत होता.

“एवढं गेलं?”

“एवढं गेलं, दादा.”

“उत्तरेच्या उताराचं जास्त वाटतंय. तिथं मुळात खडक आहे, झाडं कमीच होती. तू सरसकट धरलंयस.” त्यानं खुर्ची पुढं ओढली. “सरक. मला सगळं बघू दे.”

ती सरकली.