सरळ वायर

हिरव्या डबीवरचा तो तिळाएवढा तांबडा दिवा — लागला म्हणजे डबी चालू, विझला म्हणजे बंद — सत्यशीला गेली दहा मिनिटं अंगठ्यानं नुसताच लावत होती, विझवत होती. गिटार मांडीवर होती, पण तारांना हात लागला नव्हता. काउंटरवरच्या ठिबकच्या जॉइनरच्या पिशव्या बाजूला सारून तिनं गिटारचा आवाज बदलणाऱ्या पाचही डब्या ओळीनं मांडल्या होत्या, गिटारपासून अॅम्पच्या स्पीकरपर्यंत वायरीच्या तुकड्यांनी एकीतून दुसरीत जोडलेल्या. हिरवी पहिली, मोठ्या आवाजाला दाबून बारक्याला वर उचलणारी; मग धार आणणारी; मग एका आवाजाचे दोन करणारी; चौथी गेलेला सूर पुन्हापुन्हा परत पाठवणारी; आणि शेवटची निळी, श्रीरामपुरातल्या या दहा बाय बाराच्या दुकानाचं चर्च करून टाकणारी.

"मिसळणाचा डबा मांडला का?" बन्सी मागच्या गोदामातून विचारायचा. बन्सी म्हणजे तिचा नवरा, दुकानाचा अर्धा मालक आणि सुरांच्या बाबतीत गाढवाला गुळाची चव काय, असा माणूस. आत्ताही तो तिथंच पाइप कापत बसला होता आणि करवतीचा आवाज येत होता.

उद्या रविवार. चर्चमधल्या उद्याच्या उपासनेत पाच महिन्यांनी तिला पुन्हा वाजवायचं होतं, आणि यातल्या कुठल्या डब्या न्यायच्या हे आज ठरवायचं होतं. एवढंच तर काम! पण ते होत नव्हतं, कारण... कारण डाव्या हाताची अनामिका. दिवाळीनंतर पाइप कापायच्या कात्रीत तिचं टोक सापडलं, तीन टाके पडले. बोट वाचलं, असं डॉक्टर म्हणाले आणि सगळ्यांना हायसं वाटलं. तिलाही वाटलं. फक्त टोकाला आता घट्टा होता, आणि त्या घट्ट्याला तार लागली की ती दुसऱ्याच कुणाच्या तरी बोटाला लागल्यासारखी वाटे.

तिचा एक सूर होता. म्हणजे सूर सगळ्यांचेच असतात, पण खालून वर घसरत जाताना तिची ती अनामिका मधेच किंचित रेंगाळायची आणि मग वरच्या सुरात शिरायची. शिकवलं कुणी नव्हतं, आपोआप आलेलं. लग्नाआधी नाताळच्या उपासनेत शेवटच्या बाकावर बसलेल्या बन्सीला सगळ्या गाण्यांतून तेवढंच कळलं होतं. "पाहुणा दाराशी चपला काढतो ना, तसं वाटलं," असं तो नंतर म्हणाला होता, आणि पुढं वीस वर्षं घरात ती रेंगाळ ऐकू आली की हातातलं काम थांबवून विचारायचा, "काढल्या का चपला पाहुण्यानं?"

पाच महिन्यांत त्यानं एकदाही विचारलं नव्हतं. "झकास वाजतंय," म्हणायचा. झकास! वीस वर्षांत हा शब्द त्यानं फक्त पाहुण्यांकडच्या बेचव भाजीला वापरला होता.

बोटाला पट्टी होती तेव्हाच मोबाईलवर बघून बघून तिनं हिरवी मागवली. मग कुरिअरवाला ओळखीचा झाला. प्रत्येक डबीनं आवाज गोड झाला, जाड झाला, शहाण्या मुलासारखा एका पट्टीत राहिला, आणि पाहुणा न थांबता चपलांसकट आत येऊ लागला. सगळे दिवे विझवून पाहिले तरी तेच. हे बोटामुळं की डब्यांमुळं? गिटारची वायर सरळ अॅम्पला लावून पाहिली की कळेल, एवढं तिला समजत होतं. तेवढंच ती करत नव्हती. मी संध्याकाळी बघेन, रविवारनंतर बघेन... झाकली मूठ सव्वा लाखाची.

"सत्याताई, मोठी मोटर लागंल आता," म्हणत पुणतांब्याचे रंभाजीमामा दुकानात शिरले. पेरूची बाग, जुनं गिऱ्हाईक. गिटारकडं त्यांनी पाहिलं आणि शेळी बांधलेली दिसावी इतक्या सहजपणे नजर काढून घेतली. "शेवटच्या वळीला पानीच जात न्हाई. झाडं सुकाय लागली."

"मधे काय काय बसवलंय, मामा?"

मामांनी बोटांवर मोजलं. एक फिल्टर, मग मेव्हण्यानं दिलेला दुसरा फिल्टर, खताची टाकी, तीन कॉक. "टाकी बंदच ठिवतो पर."

"बंद असली तरी पाणी तिच्यातूनच जातं ना? प्रत्येक जोड थोडाथोडा जोर खातो." हे ती दिवसातून चारदा सांगायची. "आधी मधलं सगळं काढा. विहिरीतून सरळ पाणी सोडून बघा. मग एकेक लावा. मोटर मागाहून घेऊ."

टोपी काढून मामांनी डोकं खाजवलं.

"खरं सांगू का? त्येचंच भ्या वाटतं. समदं काढूनबी न्हाई आलं, म्हंजी हिरीतच पानी न्हाई, असं हुईल. मंग काय करायचं?"

आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार... तिचा अंगठा दिव्यावर थांबला. हा म्हातारा कुणाचं बोलतोय? तिला हसू आलं, आणि हसताना लाजही वाटली, वीस वर्षं दुकान चालवणाऱ्या बाईला गिऱ्हाइकानं तिचाच सल्ला परत आणून द्यावा तशी.

"बघा तर खरं," ती म्हणाली. "फोन करा मला."

ते गेले. ती उठली आणि विचार करायला वेळ मिळू नये म्हणून भराभर वायरी उपटल्या. तांबडा दिवा विझला. मग गिटारपासून अॅम्पपर्यंत एकच वायर, हातभर लांब. अॅम्पला टेकूनच बसावं लागलं तिला.

पहिला सूर इतका उघडा आला की ती दचकली. नख ऐकू आलं, खुर्चीची कुरकुर, तिचा स्वतःचा श्वास. मग अनामिका खालच्या सुरावर ठेवून तिनं वर ओढली — वर, वर, आणि मधेच, न सांगता, ते बोट रेंगाळलं.

थांबला! दाराशी थांबला होता. पूर्वीसारखा नव्हे, घट्टा तारेवर घासून बरोबर एक बारीक खर्र येत होती, नव्या चपला करकराव्यात तशी. दुसऱ्याचं वाटणारं बोट दुसऱ्याचं नव्हतंच, ते तिच्याच घरचं, लांब जाऊन आलेलं. तिच्या छातीत आनंद इतका दाटला की डोळे भरले. बाजूला पडलेल्या पाच डब्यांकडं तिनं मायेनं पाहिलं. निळी न्यावी कदाचित. किंवा एकही नाही. आता ठरवायला नुसती मजा होती.

आणि मग तिच्या लक्षात आलं, मागच्या गोदामातली करवत थांबली होती.

पाइप कापून झाला म्हणून थांबली असेल. किंवा... तिनं हाक मारली नाही. बोट पुन्हा खालच्या सुरावर ठेवलं.