पत्ता नको

कारकूनबाईंनी फोन स्पीकरवर टाकला आणि नंबर दाबायला घेतला, तशी मुलीने टेबलाची कड घट्ट धरली.

"मॅडम, फोन केलाच पाहिजे का?"

"नियम आहे, बाळ. पोर घरी का राहू शकत नाही, हे आईवडिलांपैकी एकाला विचारावं लागतं. 'पाठवा तिला घरी' म्हणाले, की घराबाहेर राहण्याचा सरकारी भत्ता नामंजूर. मंजूर झाला, तर तुझा नवा पत्ता त्यांना कळवायचा."

हा नियम करणाऱ्या शहाण्याला बापाची भीती कधी ठाऊकच नसावी. सोळा वर्षांच्या या पोरीची करंगळी बापानेच मोडली होती. गेले तीन आठवडे ती मैत्रिणीच्या मावशीकडे, शिलाई मशीनशेजारी अंग मुडपून झोपत होती. भत्ता मिळाला तर वसतिगृहात खाट मिळणार होती. नाहीतर परत घर.

पलीकडे रिंग वाजू लागली. बापाने उचलला तर? चारचौघांत त्याच्या तोंडात साखर असे. 'पाठवा हो, लेकीवाचून घर खायला उठतंय,' एवढं तो सहज म्हणाला असता.

"हॅलो?"

आईचा आवाज. तरी मुलीला हायसं वाटलं नाही. आईसुद्धा आजवर शेजारणींना 'पोर धांदरट आहे, पडली' असंच सांगत आली होती.

बाईंनी प्रश्न विचारला. पलीकडे खुर्ची सरकली.

"कोण आहे गं?"

बापच.

"ऑफिसातून आहे. कार्टीबद्दल विचारतायत," आई म्हणाली. मग फोनमध्ये मोठ्याने, "ती आम्हाला मेली. घरात पाऊल ठेवू देणार नाही."

"बरं. तिचा पत्ता तरी लिहून घ्या."

"नको." आईला एकदम घाई झाली. "सांगू नका. टपालानेही पाठवू नका. पत्ता नको म्हणाले, असं तुमच्या कागदावर लिहून ठेवा."

"अगं, घे की पत्ता. घे म्हणतो ना." पावलं जवळ आली. काहीतरी धाडकन पडलं आणि फोन बंद झाला.

बाईंनी अर्जावर मंजुरीचा शिक्का मारला. खाली लिहिलं, 'पालकांनी पत्ता घेण्यास नकार दिला.'

"आई आहे की वैरीण? मनाला लावून घेऊ नकोस हं. झालं तुझं काम."

मुलगी जागची हलली नाही.

"मॅडम," ती म्हणाली, "हा भत्ता आईलाही मिळू शकतो का?"